‘सरांना विचार’ म्हटलं की मैत्रिणी शिष्ट म्हणतात

पत्र साताऱ्याहून आलंय. लिहिणारी मुलगी जत तालुक्यातली, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. ‘कमवा व शिका’मधून ती कॉलेजच्या ग्रंथालयात रोज संध्याकाळी दोन तास काम करते. पुस्तकं रॅकला लावायची आणि काउंटरवर इश्यू-रिटर्न बघायचं, एवढंच काम तिला नेमून दिलंय. पण मुलं प्रश्न विचारतात ते तिलाच. दिवाळीच्या सुट्टीआधी बी.कॉम.चा एक मुलगा ‘सहकारावरची पुस्तकं’ मागत आला. तिने तीन चांगली पुस्तकं काढून दिली. आठवड्याने तो परत आला तो चिडूनच. त्याला साखर कारखान्याच्या आर्थिक स्थितीवर प्रोजेक्ट करायचा होता, त्या पुस्तकांतलं काहीच उपयोगी पडलं नाही आणि मॅडमनी प्रोजेक्ट परत केला. “ताई, तुमच्यामुळं माझा आठवडा गेला,” असं तो चारचौघांत बोलला. तेव्हापासून कुणीही काहीही विचारलं की ती “सरांना विचार” एवढंच म्हणते. काउंटरला बसल्यापासून शिष्ट झालीस, असं मैत्रिणी म्हणतात. रूममेटने अख्खा प्रोजेक्ट लिहून द्यायचे तीनशे रुपये देऊ केलेत आणि महिनाअखेरीला तीनशे रुपये थोडे नसतात. ग्रंथपाल सरांचं म्हणणं, “तू पुस्तकं लाव, उत्तरं देत बसू नकोस.” तिचा प्रश्न असा: मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली नाही, मग लोकांना सांगायचा मला अधिकार काय? बागेतलं नाहीतर ऑफिसातलं काम मागून घेऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्या बाजूने, एकदा त्या बी.कॉम.च्या मुलाच्या. तुला ‘तू’च म्हणते, माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे, आणि माझी सगळी नोकरी इथं सांगलीत अशाच एका काउंटरमागं गेली.

आधी त्या वाया गेलेल्या आठवड्याचं बोलू. ‘माझी चूक झाली’ असं तू तीन वेळा लिहिलंयस. नेमकं काय चुकलं गं? त्याने सहकारावरची पुस्तकं मागितली, तू सहकारावरची दिलीस. रॅकवर पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावतात ना, त्या ड्युईच्या वर्गीकरणात सहकार ३३४ ला, तू बरोबर त्याच रॅकपाशी गेलीस. घोटाळा मागण्यातच होता आणि तो दोघांच्याही ध्यानात आला नाही. काउंटरवर येणारं पोरगं बहुतेक वेळा त्याला हवं ते मागतच नाही. ग्रंथालयात काय मिळत असेल असं त्याला वाटतं, ते मागतं. डोक्यात असतो कारखान्याचा ताळेबंद आणि तोंडातून येतं ‘सहकारावरचं काहीतरी’. आपल्या शाळांनी त्याला तेवढंच शिकवलंय, की ग्रंथालयात जाऊन विषयाचं नाव सांगायचं.

माझं सांगते. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तासगावकडचा एक मुलगा आला आणि द्राक्षाचं पुस्तक द्या म्हणाला. मी हौसेने ६३४.८ चा अख्खा कप्पा उपसला. छाटणी, कलमं, डाऊनी, भुरी, होतं नव्हतं ते सगळं त्याच्यापुढं मांडलं. तो अर्धा तास पानं उलटत बसला आणि ‘थँक्यू मॅडम’ म्हणून निघाला. दाराशी आमचे मामा बसायचे, ग्रंथालय परिचर. त्यांनी सहज विचारलं, “काय रं, घावलं का?” तो म्हणाला, “न्हाई मामा. वडलांना बेदाण्याच्या शेडला कर्ज काढायचंय. बँकेनं खर्चाचा अंदाज मागितलाय.” मामा त्याला दंडाला धरून परत माझ्यापुढं घेऊन आले. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडं होती, मामा सातवीपर्यंत शिकलेले. तरी पोरगं बोललं ते मामांजवळ, कारण त्याला माझी भीती वाटत होती आणि मामांची वाटत नव्हती.

ही भीती काही आपल्याच गावची नाही. अमेरिकेत कॉन्स्टन्स मेलन नावाच्या बाईंनी विद्यार्थ्यांना एक काम सांगितलं होतं. ग्रंथालयात पहिल्यांदा शोधाशोध करताना काय वाटलं, ते त्यांनी लिहून काढायचं. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: शंभरातल्या ७५ ते ८५ जणांच्या लिहिण्यात सूर भीतीचाच होता. बाकीच्यांना सगळं येतं, मलाच येत नाही, आणि विचारायला गेलं तर ते उघडं पडेल, अशी ती भीती. मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला इंग्रजी ओपॅकपुढं, म्हणजे संगणकावरच्या पुस्तकसूचीपुढं, उभं केलं की तिच्या पोटात काय होतं, हे तुला मी सांगायला नको.

तर तुझं पहिलं गृहीतक मला इथं खटकतं. ‘ते मला विचारतात कारण त्यांना वाटतं मला येतं,’ असं तू लिहितेस. मला नाही तसं वाटत. ते तुला विचारतात कारण तुझ्यापुढं अडाणी दिसलं तरी चालतं. तुझ्या ज्ञानावर कुणी भिस्त ठेवलेलीच नाही, तेव्हा त्याची एवढी धास्तीही नको. तिकडच्या कित्येक विद्यापीठांत याच कारणासाठी विद्यार्थ्यांना मुद्दाम पुढच्या टेबलावर बसवतात. ब्रँडाइस विद्यापीठाने १९९० च्या सुमारास संदर्भाचं जुनं डेस्कच काढलं. माहितीच्या टेबलावर पदव्युत्तर वर्गातली मुलं बसवली आणि अवघड प्रश्न घेऊन आलेल्याला आतल्या खोलीत ग्रंथपालाशी निवांत बोलायची सोय केली. त्यावर वादही बराच झाला. कळीचा मुद्दा एकच होता: पुढच्या टेबलावरच्या मुलाला अवघड प्रश्न ओळखता येतो का? नाही आला, तर तो स्वतःच काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो. त्या दिवशी तुझं हेच झालं. आणि चटका बसल्यावर तू दुसऱ्या टोकाला गेलीस. आता तुला सगळेच प्रश्न अवघड.

‘सरांना विचार’ या दोन शब्दांत वाईट काहीच नाही. पण ते म्हणताना तू काय करतेस? मान खाली घालून बारकोड मारत म्हणत असशील, तर मैत्रिणींचं फार चुकत नाही. समोरच्याला ऐकू येतं, ‘माझ्या डोक्याला ताप नको.’ त्याऐवजी उठायचं. “थांब, हे मला नाही येणार, सरांना येईल,” म्हणत त्याच्यासोबत केबिनच्या दारापर्यंत जायचं आणि आपण सांगायचं, “सर, याला कारखान्याचे आकडे पाहिजेत, प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचाय, ३३४ ची पुस्तकं बघून झालीत.” वीस सेकंदं लागतात. त्या पोराला परत पहिल्यापासून सांगायची पाळी येत नाही आणि सरांना कळतं की पोरगी नुसती ढकलत नाही, थोडं काम करून पाठवते. सर जागेवर नसतील तर हेच चिठ्ठीवर लिही. नाव, वर्ग, काय पाहिजे, कशासाठी, कधीपर्यंत, काय बघून झालं. खराब झालेल्या प्रिंटआउटच्या पाठीवर लिहिलं तरी चालतं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा. परीक्षेला तो सगळे पाठ करतात. चिठ्ठी मात्र कुणी लिहीत नाही.

आता मागण्यातला घोटाळा कसा पकडायचा ते. ग्रंथालयशास्त्रात यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. तुला मी एकच वाक्य देते: “सरांनी काय लिहून दिलंय ते दाखव की.” मोबाइलवरचा मेसेज असेल, वहीत फळ्यावरून उतरवलेली ओळ असेल, प्रोजेक्टच्या यादीचा फोटो असेल. ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. त्या मुलाच्या मोबाइलवर ‘अमुक कारखान्याच्या पाच वर्षांच्या ताळेबंदाचे विश्लेषण’ असलं काहीतरी असणार. ते दिसतं तर तू ३३४ कडं वळलीच नसतीस. लिहिलेलं काहीच नसेल तर “कुठल्या पेपरला?” आणि “कधी द्यायचंय?” एवढं विचार. ‘कशासाठी पाहिजे?’ असं थेट विचारू नकोस. आपल्याकडं तो प्रश्न पोलीस चौकीत विचारल्यासारखा लागतो.

सरांच्या बाजूनेही थोडं. ‘उत्तरं देत बसू नकोस’ हे तुला लागलेलं दिसतंय. पण उद्या कुणी तक्रार घेऊन प्राचार्यांकडं गेलं की ‘ग्रंथालयात चुकीचं सांगितलं’, तर उत्तर त्यांना द्यावं लागतं, तुला नाही. शिवाय तू प्रश्नात अडकलीस की रिटर्नची पुस्तकं ट्रॉलीवर तशीच पडून राहतात. सकाळी ती कुणाला तरी सापडत नाहीत आणि शिव्या पुन्हा ग्रंथालयालाच. त्यामुळं त्यांच्याशी भांडण नको, गप्प बसणंही नको. एका शनिवारी पंधरा मिनिटं मागून घे. जाताना एक वही घेऊन जा, त्यात मागच्या दोन आठवड्यांत आलेले प्रश्न लिहिलेले असू देत. मग विचार, “सर, यातलं मी काय सांगू आणि काय तुमच्याकडं पाठवू?” वही समोर दिसली की गोष्ट बदलते. अर्धे प्रश्न ‘झेरॉक्स कुठं’, ‘नो ड्यूज कधी मिळेल’, ‘मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका कुठं ठेवल्यात’ असलेच निघतील. ते तू सांगावेस असं त्यांनाही वाटेल. ओपॅकवर पुस्तक शोधून देणं, पुस्तकाच्या पाठीवरचा बोधांक वाचून रॅक दाखवणं, हेही तुझ्याकडं येईल. ‘या विषयावर संशोधन कुठं मिळेल’, ‘हा आकडा खरा का’, ‘हे गाइड चांगलं की ते’ हे सरांकडं. ही यादी त्यांच्याकडून तोंडी घेऊ नकोस, वहीतच टिक करून घे.

वही पुढंही चालू ठेव. काय विचारलं, काय सांगितलं, कुठं पाठवलं. विचारणाऱ्याचं नाव मात्र लिहू नकोस.

नावावरून एक महत्त्वाचं. तू वसतिगृहात राहतेस. कोण कुठलं पुस्तक नेतं ते तुला काउंटरवर दिसतं आणि रात्री त्याच मुली तुझ्या शेजारच्या खाटेवर असतात. कुणी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेतं, कुणी नैराश्यावरचं, कुणी घरच्यांपासून लपवून स्पर्धा परीक्षेचं. काउंटरवर दिसलेलं काउंटरवरच सोडायचं. ‘ती आज काय घेऊन गेली माहितीये का’ एवढं वाक्य जेवणाच्या टेबलावर एकदा सुटलं, की पुढच्या वेळी ती मुलगी ग्रंथालयात येणार नाही. सर सत्तावन्न वर्षांचे आहेत, त्यांना वसतिगृहातल्या गप्पा कळत नाहीत. तुला कळतात, म्हणून ही जोखीम त्यांच्यापेक्षा तुझी जास्त.

तीनशे रुपयांचं. तू लिहिलंयस, ‘मदतच आहे ना ती पण?’ तुला उत्तर माहीत आहे, नाहीतर पत्रात तो मुद्दा कंसात टाकला नसतास. मी एक सोपी खूण वापरायचे: माउस कुणाच्या हातात आहे? रूममेटच्या हातात असेल आणि तू शेजारी बसून ‘आता इथं क्लिक कर, हा शब्द बदलून बघ’ म्हणत असशील, तर शिकवणं. माउस तुझ्या हातात आला आणि ती मोबाइल बघत बसली, की तू तिचं काम करतेयस. शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या त्या ऑनलाइन संग्रहातून, प्रबंध उतरवून त्यातली पानं चिकटवायचा बेत असेल तर तिला हेही सांग की ते पकडलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पोरांनी त्याचा अर्थ ‘१० टक्के चोरायला परवानगी’ असा लावलाय, तो भाग निराळा. पैशाची अडचण खरी असेल, आणि ती असणार, तर सरांना विचार की परीक्षेनंतर पुस्तक-पडताळणीच्या वेळी जादा तास मिळतील का. बऱ्याच ग्रंथालयांत त्या दिवसांत हात कमी पडतात.

आता ‘अधिकार’. सातारा शहरात बसून तू हा प्रश्न विचारलास, याची मला गंमत वाटली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. शेतात, बांधकामावर राबून शिकलेल्या त्या पोरांना कुणी विचारलं नसेल की तुम्हाला गवंडीकामाची पदवी आहे का. हे सांगून तुला भारावून टाकायचं नाही मला. त्या योजनेचं नाव घेत आज कित्येक ठिकाणी मुलांना नुसतं धूळ झटकायला बसवतात आणि ‘शिका’ हा भाग विसरतात, तेही मला दिसतं. पण तुला शिकायला मिळतंय ते कामातूनच. पदवी नाही म्हणून तू निदान करायचं नाहीस, औषध द्यायचं नाहीस, हे बरोबर. दवाखान्यात नंबर लावून देणारी, ‘रिपोर्ट आणलेत का?’ विचारणारी, म्हाताऱ्याला हाताला धरून आत नेणारी मुलगी असतेच की. ती नसली की डॉक्टरांचीही तारांबळ उडते.

दोन बारीक गोष्टी हाताशी ठेव. कुणी एखाद्या संकल्पनेचा अर्थ विचारला तर गूगलच्या पहिल्या ओळीवर जाऊ नकोस, मराठी विश्वकोश उघडून दे. तो तुझ्या शेजारी वाईत तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली, आणि आता फुकट ऑनलाइन आहे. आकडे मात्र त्यातले घेऊ देऊ नकोस, बऱ्याच नोंदी जुन्या आहेत. दुसरी गोष्ट, हल्ली पोरं चॅटजीपीटीने दिलेली पुस्तकांची यादी घेऊन येतात. त्यातली काही पुस्तकं जगात कुठंच नसतात. लेखक खरा असतो, नाव खरं वाटतं, सालही असतं आणि पुस्तक मात्र कुणी लिहिलेलंच नसतं. ओपॅकवर बघ, मग राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात बघ. दोन्हीकडं नसेल तर ‘आपल्याकडं नाही’ म्हणू नकोस, ते पोरगं दुसऱ्या ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवेल. “असं पुस्तक असल्याचंच सापडत नाही, ही यादी सरांना दाखवूया,” असं म्हण.

रात्री अकराला खोलीचं दार वाजवून कुणी प्रश्न विचारला तर “उद्या सहाला काउंटरवर ये” म्हणायला शीक. त्याला शिष्टपणा म्हणाल्या तर म्हणू देत. तुझी स्वतःची परीक्षा तोंडावर आली की दोन तासांचा एक करून माग.

बागेतलं काम वाईट नाही. मन खरंच उडालं असेल तर खुशाल माग, त्यात कमीपणा नाही. पण एका चिडलेल्या पोराच्या वाक्यावरून मागू नकोस. हे सत्र संपेपर्यंत वही आणि चिठ्ठी चालवून बघ. तेव्हाही काउंटरवर जाताना पोटात गोळा येत असेल तर माळीकाकांकडं जा.

हे वाचणाऱ्या ग्रंथपालांना जाता जाता सांगते. तुमच्या काउंटरवर अशी मुलगी असेलच. तिला तुम्ही उत्तरं द्यायला सांगा किंवा नका सांगू, ती देतेच आहे. आठवड्याला पंधरा मिनिटं काढा.

आणि तो बी.कॉम.चा मुलगा. त्याचा प्रोजेक्ट अजून झाला नसेल, प्रोजेक्ट कधीच वेळेत होत नाहीत. त्याला गाठ. माफी वगैरे नको, फक्त विचार, “तुझ्या घरात कारखान्याचा सभासद कोण आहे?” सहकारी कारखान्याला सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि सभेआधी सभासदांना अहवाल वाटतात. त्यात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, गाळप, उतारा, सगळं छापलेलं असतं. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या घरी असे चार-पाच वर्षांचे अहवाल एकतर कपाटावर चळत लावून ठेवलेले असतात, नाहीतर पोरांच्या वह्यांना कव्हर घालून संपलेले असतात. त्याच्या आजोबांना फोन करून कपाटावर बघायला सांग म्हणावं.